काकीने उचललेला फोन

लीलाकाकी गेली हे मला तिच्या मुलाने, सुनीलने, फोनवर सांगितलं. "ताई, आई गेली," आणि लगेच, "आवाज कसा स्पष्ट येतोय ना? नवा फोन घेतलाय." शिसारी आली मला. महिना झाला, अजून गेलेली नाही.

काका-काकी जळगावकडून सुरतेला आलेले. काका सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या कारखान्यात होते. घरी पहिला फोन आला तेव्हा सुनील काकीवर काय खेकसायचा! "कोणाचं घर विचारलं की बाबांचं नाव सांगायचं. एवढंही जमत नाही?" काकी पदर सावरून रिसीव्हर धरायची आणि मला हळूच म्हणायची, "त्यास्नं नाव कसं लेऊ व माय?" नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. कायम 'सुनीलचे बाबा'.

एका दुपारी काका मशीनपाशीच कोसळले. कारखान्यातून घरी फोन आला, "किसका घर है?" काकी म्हणाली, "सुनील का." तिकडे सुनीलला कोण ओळखतंय? त्या माणसाने राँग नंबर म्हणून ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी एक कामगार रिक्षा करून घरी आला. काकी दवाखान्यात पोचली तोवर काका गेले होते…

तेराव्याच्या पंगतीत सुनील सगळ्यांना ऐकवत होता, "आईने नुसतं नाव सांगितलं असतं तर बाबा भेटले असते. अडाणीपणा, दुसरं काय!" लोक हळहळत बुंदी खात होते आणि आतल्या खोलीत काकी ऐकत होती. मी म्हटलं, "मेल्या, पट्ट्याला पेजर लटकवून मिरवतोस, त्याचा नंबर बापाच्या कारखान्यात का नव्हता?" तर म्हणतो, "ताई, तो धंद्यासाठी आहे." थू! त्याचं तोंडही बघावंसं वाटलं नाही.

पण काकीने मनाला लावून घेतलं. त्यानंतर घंटी वाजली की हातातलं टाकून धावायची आणि पलीकडच्याला बोलूही न देता ठणकावून सांगायची, "एकनाथ दगडू यांचं घर!" नातवंडं फिदीफिदी हसायची. सून वैतागायची, "गेलेल्या माणसाचं नाव कशाला सांगता?" काकीने कोणालाच जुमानलं नाही. शेवटच्या आजारापर्यंत सांगत राहिली.

परवा त्या घरी फोन लावला. कोणीतरी नुसतं "हॅलो" म्हणालं… काकांचं नाव घेणारं तिथे आता कोणी नाही.