कोडातली गिऱ्हाइकं
२०२२ साल, मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. तारेवर चढवायच्या वार्निशाचा वास आला की ती दुपार अजून टोचते. अकोल्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान, जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं. तिथं मोटार मालकाच्या नावानंच ओळखतात. मोबाइलवर शिकून मी वेबपान लिहिलं, मोटारीची ताकद टाकली की तारेचे वेढे सांगणारं, तेव्हा कोडातही तीच नावं ठेवली. त्या दुपारी पोरीसोबत दुकानात आलेले अमरावतीचे इंजिनिअर जावई ते पाहून हसले. "मामा, कोडात गिऱ्हाइकं कावून बसवली?" चहा निवेपर्यंत त्यांनी सगळी नावं इंग्रजी केली, लांबलचक कोडाचे तुकडे पाडले. पान झपाट्यानं चालू लागलं. "आता कोणालेही समजते." "मले सोडून, जवाईबापू. उद्या बिघडलं तर मी काय दुरुस्त करू?" पोरगीच बोलली, "बाबा, चौथीवाल्यानं इंजिनिअरले शिकवू नये." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पान पुसून टाकलं अन् दुकानाच्या दारावर खडूनं ताकदीप्रमाणे वेढे लिहिले.