हरणाबाईंचा तारांकित प्रश्न

आमच्या खासदार ताईंचं संपर्क कार्यालय सांगलीत विश्रामबागेत आहे. मी तिथं पत्रव्यवहार सांभाळतो आणि अधिवेशन जवळ आलं की ताईंनी लोकसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे करतो. इतक्या वर्षांत शेकडो प्रश्न केले असतील. त्यातला एक मात्र आमच्या कुणाचाच नव्हता. तो हरणाबाईंचा होता.

हरणाबाई आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. घरची मेंढरं. लग्न झाल्यापासून नवरा बिराप्पा यांच्याबरोबर त्या दरसाल पाऊस ओसरला की कळप घेऊन निघायच्या. साताऱ्याच्या बाजूनं वाई, तिथून घाट उतरून कोकण, आणि उन्हाळ्याअखेर परत. बिरदेव, त्यांचा एकुलता मुलगा, अशाच एका मुक्कामावर जन्मला. त्यानं मात्र मेंढरांमागं जायचं नाही असं ठरवलं. बारावी झाल्यावर नव्या मुंबईतल्या एका संस्थेत त्यानं जहाजावरच्या कामाचं शिक्षण घेतलं आणि एका छोट्या तेलवाहू जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून लागला. माणदेशातला मुलगा, दुष्काळात वाढलेला, समुद्रावर भाकरी थापायला गेला, असं गावात सगळे हसून सांगायचे.

पुढं ते जहाज आखातातल्या एका देशाच्या हद्दीत पकडलं गेलं. कप्तान दुसऱ्या जहाजातून चोरून डिझेल भरून घेत होता. कप्तानाबरोबर सगळेच खलाशी तुरुंगात गेले. तेव्हा हरणाबाई पहिल्यांदा आमच्याकडं आल्या. मुलगा कुठल्या देशात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. ताईंनी परराष्ट्र मंत्रालयाला पत्रं लिहिली, लेखी प्रश्न टाकला, दूतावासाची माणसं तुरुंगात जाऊन आली. काही महिन्यांनी खटला चालला आणि बिरदेव निर्दोष सुटून घरी आला.

अशी कामं झाली की लोक पेढे घेऊन येतात, ताईंबरोबर फोटो काढतात आणि जातात. त्यात काही चूक नाही. हरणाबाईही आल्या. बिरदेव बरोबर होता, वाळून काडी झालेला. त्यांनी ताईंच्या हातात एक घोंगडी दिली आणि खुर्चीवर बसत म्हणाल्या, “ताई, आता दुसऱ्या पोराचं बघायचं.”

आम्हाला वाटलं, यांना आणखी एक मुलगा आहे.

मग बिरदेवनं सगळं सांगितलं. जहाजावर नबकिशोर नावाचा एक मुलगा होता, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या गंजाम जिल्ह्यातला, मासेमाराचा पोर. डिझेल भरलं गेलं त्या वेळी पाइप त्याच्या हातात होता. कप्तानानं धरायला सांगितला, त्यानं धरला. तिथल्या पोलिसांना वाटत होतं की बिरदेवही डेकवर होता. नबकिशोरनं त्यांना आणि नंतर न्यायाधीशांना तोडक्यामोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं, की बिरदेव खाली स्वयंपाकघरात होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तसं सांगू नकोस, सगळे मिळून होतो म्हणालास तर तुझ्यावरचं ओझं कमी होईल, असं कप्तान त्याला सांगत होता. त्यानं ऐकलं नाही. त्या साक्षीवर बिरदेव सुटला आणि नबकिशोरला सात वर्षांची शिक्षा झाली.

“त्येनं खरं सांगितलं म्हणून माझं लेकरू घरी आलं,” हरणाबाई म्हणाल्या. “खरं सांगणारा आत ऱ्हायला. ह्येला न्याय म्हनत्यात व्हय?”

मी त्यांना समजावलं, की तो मुलगा ओडिशाचा आहे, त्याच्या भागाच्या खासदारांनी विचारायला हवं, आम्ही त्यांना पत्र लिहू. त्या ऐकून घेत होत्या. पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या. आटपाडीहून सांगलीपर्यंत एसटीनं येणं म्हणजे त्यांचा सगळा दिवस जायचा. मी पुन्हा तेच सांगितलं, की हा आपल्या मतदारसंघातला माणूस नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, ती दिल्लीची सभा साऱ्या देशाची हाय न्हवं? मग तिथं आमच्या तालुक्याचंच का इचारायचं?”

आतल्या खोलीत ताईंनी हे ऐकलं. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “मसुदा करा.”

पहिला प्रश्न अतारांकित होता, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री फक्त लेखी देतात. परराष्ट्र मंत्र्यांचं उत्तर आलं. परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांच्या हिताला सरकार सर्वोच्च प्राधान्य देतं, परंतु संबंधित देशाच्या खाजगीपणाच्या कायद्यामुळं कैद्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती देता येत नाही. तसंच शिक्षा ही त्या देशाच्या न्यायालयाचा विषय आहे. ताईंनी मग कायदा आणि न्याय मंत्र्यांना विचारलं, की अशा गरीब कैद्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो का. उत्तर आलं, की मोफत कायदेशीर मदतीची योजना देशातल्या न्यायालयांपुरती आहे, परदेशातल्या प्रकरणांसाठी परराष्ट्र मंत्रालयाशी संपर्क साधावा.

दोन्ही उत्तरं मी हरणाबाईंना मराठीत वाचून दाखवली. उत्तरं चुकीची नव्हती. दोन्ही खात्यांनी आपापल्या नियमात बसेल तेवढंच लिहिलं होतं.

हरणाबाई म्हणाल्या, “ह्यो म्हनतो त्येच्याकडं जा, त्यो म्हनतो ह्येच्याकडं. दोघांस्नी एकाच दिवशी उभं करता येत न्हाई का?”

मी म्हणालो, येत नाही, प्रत्येक खात्याचे वार ठरलेले असतात. त्यावर त्यांनी विचारलं, की आपण बाजाराच्या दिवशी बाकीचीही कामं उरकतो, तसं त्यांचं नसतं का. मला हसू आलं, पण ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तारांकित टाकू. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर सदस्याला तिथल्या तिथं उपप्रश्न विचारता येतो.

तोवर संमतीचं काम हरणाबाईंनी हातात घेतलं. बिरदेव जहाजावरच्या हिंदीत नबकिशोरच्या वडिलांशी बोलायचा. ते बिचारे भेदरलेले होते. कागदावर सही केली तर मुलाला आणखी त्रास होईल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी हरणाबाईंनी फोन स्वतः घेतला. त्या मराठीत बोलल्या, पलीकडून ते ओडियात. काय बोलणं झालं ते बिरदेवलाही नीट सांगता येईना, पण पंधरवड्यात वडिलांचं संमतिपत्र आलं आणि पाठोपाठ दूतावासामार्फत नबकिशोरचंही.

तारांकित प्रश्नांची सोडत निघते. दोन वेळा आमची चिठ्ठी निघाली नाही. तिसऱ्या वेळी निघाली, पण यादीत बरीच खाली. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे एकच तास, त्यात वरचे पाचसहा प्रश्न झाले तरी पुष्कळ. मी हरणाबाईंना फोनवर सांगितलं, की आशा कमी आहे. त्यांनी विचारलं, मला तिथं बसता येईल का. ताईंनी प्रेक्षक गॅलरीचे पास काढले आणि मी, बिरदेव आणि त्या मिरजेहून दिल्लीच्या गाडीत बसलो. कळप आठवडाभर बिराप्पांवर टाकून त्या आल्या होत्या. गाडीत खिडकीपाशी बसून त्या बाहेरची रानं बघत होत्या, इथं चारा चांगला हाय, इथं न्हाई, एवढंच मधूनमधून म्हणत होत्या.

गॅलरीत जायच्या आधी तपासणीत त्यांची मिसरीची डबी काढून घेतली गेली. बिरदेवचा फोनही. आत बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही, असं सांगून आम्हाला बसवलं. खाली एवढं मोठं सभागृह, आणि निम्मी बाकं रिकामी. हरणाबाईंनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

पहिला प्रश्न लांबला. दुसऱ्यावर गोंधळ झाला. मी घड्याळाकडं बघत होतो आणि मनात हिशेब सोडून दिला होता. मग पुढचे दोन सदस्य हजरच नव्हते, त्यांचे प्रश्न अध्यक्षांनी बाजूला ठेवले. आणखी एक प्रश्न चटकन आटपला, आणि अध्यक्षांनी आमच्या ताईंचं नाव घेतलं.

परराष्ट्र मंत्री उभे राहिले आणि त्यांनी हातातलं उत्तर वाचलं. जवळजवळ तेच, लेखी आलं होतं तसंच. ताई उपप्रश्नाला उठल्या. उपप्रश्न आम्ही तिघांनी गाडीत मिळून केला होता, आणि त्याचा गाभा हरणाबाईंचा होता. एकदा बोलता बोलता त्यांनी बिरदेवला विचारलं होतं, की तिथला न्यायाधीश जे बोलला ते त्या पोराला कळलं तरी का. बिरदेव म्हणाला होता, कुणालाच कळत नव्हतं. दुभाषा होता तो हिंदी बोलायचा, आणि नबकिशोरचं हिंदी पाइप धर, दोर सोड एवढंच.

ताईंनी विचारलं, “आपल्या नागरिकाला त्याच्यावरचा खटला त्याच्या भाषेत समजावून सांगितला गेला होता का? नसेल, तर न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण झाली असं सरकार कशाच्या आधारावर म्हणतं?”

सभागृह अचानक शांत झालं असं मी म्हणणार नाही. कुणी तरी मागं बोलतच होतं. मंत्र्यांच्या मागच्या अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी आली, ती त्यांनी बघितली, आणि हातातला कागद खाली ठेवून ते बोलले. दुसऱ्या देशाच्या न्यायालयावर या सभागृहात टिप्पणी करणं योग्य होणार नाही, असं म्हणाले. पण भाषेबद्दल माननीय सदस्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याजवळ आज नाही, आणि ते असायला हवं होतं, असंही म्हणाले. दूतावासाच्या यादीतला वकील देऊ, ओडिया जाणणारा दुभाषा देऊ, आणि अपिलाची मुदत गेली असेल तर ती वाढवून मागू, असं आश्वासन त्यांनी दिलं. एवढं झाल्यावर, त्यांच्या खात्याचा वार नसतानाही, बाजूच्या बाकावरचे कायदा मंत्री अध्यक्षांची परवानगी घेऊन उठले आणि म्हणाले, की अपिलाचे मुद्दे तयार करायला आमचं खातं मदत करेल.

मी हरणाबाईंकडं बघितलं. त्यांना हिंदीतलं थोडं आणि इंग्रजीतलं काहीच कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, “त्येनं कागद खाली ठिवला, तवाच कळलं मला. आता त्यो मानूस बोलाय लागला.” मग डबी परत घेतली आणि त्या दाराशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळे पुसले की नाही ते मी बघितलं नाही, बिरदेव मध्ये उभा होता.

सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला संसदेची समिती असते. त्या समितीइतकाच पाठपुरावा हरणाबाईंनी केला. वर्षभर कळप जिथं असेल तिथून त्यांचा फोन यायचा. कधी फलटणकडून, कधी घाटाखालून. वकील गेला का, दुभाषा खरंच त्याच्या बोलीचा आहे का, पोरगं जेवतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मंत्रालयाकडं नसायचं, तरी मी दूतावासातल्या एका तरुण अधिकाऱ्याला ते विचारायचो, आणि तो खरंच माहिती काढून सांगायचा. कधीही न भेटलेल्या बाईसाठी त्या अधिकाऱ्यानंही पुष्कळ केलं. दिल्लीतून चक्रं हलली नाहीत तेव्हा तो स्वतः न्यायालयात जाऊन बसला.

अपील दाखल करून घेतलं गेलं. नबकिशोरनं पहिल्यांदाच आपल्या भाषेत सगळं सांगितलं. वरच्या न्यायालयानं मान्य केलं, की हा हुकमाचा ताबेदार होता. भोगलेली शिक्षा पुरेशी धरून त्याला मायदेशी पाठवायचा आदेश झाला.

तो गावी पोचला तेव्हा त्याच्या वडिलांचा फोन आला. चार महिन्यांनी तो स्वतः सांगलीला आला. त्याला विश्रामबागेत ताईंना भेटवून मी आटपाडीच्या एसटीत बसवलं आणि शेवटी मीही बरोबर चढलो. स्टँडवर बिरदेव घ्यायला आला होता. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते.

हरणाबाई घरी नव्हत्या. माण नदीच्या पात्राकडं मेंढरं होती, तिकडं आम्ही चालत गेलो. बिरदेव आणि मी बिराप्पांशी बोलत मागं राहिलो, नबकिशोर पुढं गेला. हरणाबाई खाली बसून एका मेंढीचा सडलेला खूर कापत होत्या आणि मेंढी धडपडत होती. त्यांनी मान वर न करता, समोर आलेल्या माणसाला कुणी तरी मेंढका समजून सांगितलं, “धर रं हिला.”

त्याला शब्द किती कळला कोण जाणे, पण मेंढीची धडपड कळली. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं मेंढीचं तोंड आणि पुढचे पाय घट्ट धरले. हरणाबाईंनी खूर साफ केला, औषध लावलं, फडकं बांधलं, आणि मग मेंढी सोडून त्याच्याकडं नीट बघितलं. रंग उन्हानं रापलेला, अंगावर नवा शर्ट, चेहरा इथला नव्हे. त्या काही बोलायच्या आत तो वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवून राहिला.

त्यांनी औषधाचे हात लुगड्याला पुसले आणि त्याच्या डोक्यावर ठेवले. आम्ही जवळ पोचल्यावर त्या बिराप्पांना म्हणाल्या, की ह्याला मेंढरू धरता येतं, चार दिवस ठेवून घेऊ.

तो पंधरा दिवस राहिला.