आबा कायम पुढं चालायचे

स्टुडिओच्या कपडेपटात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात, शिंप्याकडच्या चिंध्यांसारखे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, कोल्हापुरात एकामागून एक सिनेमे निघत होते. माझे किस्से मात्र बहुतेक माझ्या डाव्या पायाचेच! लहानपणी तापात वाळला तो. आता हसत सांगतोय, तुम्हीही हसा. पण तेव्हा लाजेनं मान वर व्हायची नाही हो.

*

दरबाराचा सीन. दरबारी कमी पडले म्हणून मलाही अंगरखा चढवला. डायरेक्टर ओरडले, "पाय दिसतोय त्याचा, खांबामागं घ्या!" मग पुन्हा, "अजून मागं!" सिनेमात आली फक्त पगडी. आई थेटरात शेजारणींना सांगत होती, "त्यी पगडी आमची!"

*

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझ्याहून जास्त लाज. रस्त्यात ते कायम पुढं चालायचे, ओळख नसल्यागत. एकदा तरी त्यांनी माझ्या बरोबरीनं चालावं, एवढीच माझी हौस.

बिद्रीहून मुलीकडचे पाहुणे आले, तेव्हा मला आधीच पाटावर बसवून ठेवलं होतं. पाहुणे मला म्हणाले, "चला पावणं, जरा पेठ दाखवा की!" आबा घाईनं म्हणाले, "त्येला आज उपास हाय. उठवत न्हाय!" आणि तेवढ्यात आईनं माझ्यापुढं मटणाचं ताट ठेवलं!

*

पुढं आमच्या हिरोला लंगड्याचं काम मिळालं. डायरेक्टर मला म्हणाले, "ह्याला चालून दाखव." आठवडाभर आवारात मी पुढं, हिरो मागं, आणि सगळा स्टुडिओ माझा पाय बघतोय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी हिरो कंबर धरून मटकन बसला. "अरे, असं चालून फार दुखतं रे! तुला कसं जमतं?"

*

सिनेमा तुफान चालला. गल्लोगल्ली पोरं हिरोसारखी लंगडायला लागली! आबांना मी हट्टानं घेऊन गेलो. खेळ सुटल्यावर ते नेहमीसारखे पुढं, मी मागं. तेवढ्यात एका फेटेवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "वा पावणं! नक्कल हुबेहूब की! अगदी हिरोगत!"

लोक जमले, टाळ्या पडल्या. शरमेनं माझे कान तापले.

"कुणाचं हो पोरगं?" फेटेवाल्यानं विचारलं.

आबा थांबले. वळून मागं आले. भर रस्त्यात, पहिल्यांदाच, माझ्या खांद्यावर हात टाकला.

"माझं," ते मोठ्यानं म्हणाले. "घरात नीट चालतंय त्ये!"