पाळीच्या चढावर अडलेली बंडी

त्या हिवाळ्यात माझा देवाशी अबोला होता. पहिलं लेकरू हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला सिहोऱ्याजवळ माहेरी आले, तेव्हा आई रोज गावदेवी मातामायपुढे दिवा लावायला सांगायची आणि मी ढिम्म बसून राहायची. तिला सगळं कळतं म्हणता ना, मग माझ्या दिव्यावाचून तिचं काय अडलंय, असं माझं तिरकं उत्तर ठरलेलं असे.

मुलगी आठव्या महिन्यातच झाली. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी कुईकुई करणारी. सकाळी गावच्या डॉक्टरांनी तिच्या तळपायांना हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पण वाटेत पोरीला गार पडू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. राइस मिलच्या शेठजींनी लगेच आपली मोटर दिली. पंचक्रोशीत हिटरवाली तेवढी एकच. माझा थोरला भाऊ त्यांची मोटर चालवायचा. आमच्या उन्हाच्या मुलखात हिटर म्हणजे टकल्याला कंगवा, असं तोच एरवी म्हणत असे. त्या दिवशी मात्र तो कंगवाच आमचा आधार होता.

गाव सुटलं, भाऊनं हिटरची कळ ओढली आणि पायांवर आला तो बर्फासारखा वारा. इंजिन तापलं की गरम हवा येईल म्हणून थांबलो. इंजिन तापलं, पण हवा काही बदलेना. भाऊनं गाडी बाजूला घेतली. पंखा फिरत होता, इंजिनाजवळचा हिटरचा नळही उघडा होता. मग त्यानं हिटरच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला.

"एक गरम हाय, दुसरा थंडा. पानी फिरूनच नाही राहिलं, बाई. काल रबरी पाइप बदलला, तवाच हवा अडकली असन."

"मंग काढ ना ती हवा!"

"काढतो, पन मोटरीचं तोंड वर पायजे. इथं सारा सपाट रस्ता. चाल, वाटंत तुमसरले गॅरेजात पाहू."

त्यानं पंखा बंद केला आणि गाडी दामटली. धुकं दाट होतं, फटीफटीतून गारठा आत येत होता. मी पोरीला कापसात गुंडाळून पोटाशी धरलं होतं, तरी तिचं कुईकुई हळूहळू कमी होत गेलं. त्या शांततेची मला फार भीती वाटली.

पुढे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रस्ता चढतो. ऐन चढावर धानाची भरलेली बैलबंडी आडवी झाली होती. बैल फेसाळलेले, जागचे हलत नव्हते. भाऊ भोंगा वाजवून थकला. बंडीवाला म्हातारा हात जोडत आला.

"घडीभर थांबा जी. बैलाइले दम घेऊ द्या."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलून संपलं, मग रडून संपलं. आणि मग आत काहीच उरलं नाही. कित्येक महिन्यांनी मी मातामायचं नाव घेतलं. म्हटलं, ही तुझी आहे, माझ्या हातात काही नाही. ठेवलीस तरी तुझी, नेलीस तरी तुझी. विचित्र वाटेल, पण त्यानंतर भीती गेली आणि मी पोरीच्या टाळूवर नुसता गाल टेकवून बसले.

चढावर हँडब्रेक धरेना म्हणून भाऊ ब्रेकवरचा पाय काढू शकत नव्हता. ते पाहून म्हाताऱ्यानं आपल्या बंडीला लावतात तसे दोन दगड आमच्या चाकांमागेही लावले. भाऊ उतरला, त्यानं बॉनेट उघडलं, जाड फडकं धरून बेताबेतानं रेडिएटरचं झाकण काढलं. गाडीचं तोंड आपसूकच वर होतं. आत गुडगुड झाली, अडकलेली हवा निघाली आणि पाणी झपकन खाली गेलं. म्हाताऱ्यानं तलावातून डबाभर पाणी आणून दिलं. ते चालू इंजिनात हळूहळू ओतून झाल्यावर भाऊनं झाकण लावलं आणि पंखा सुरू केला. थोड्या वेळानं माझ्या पायांवर ऊन ऊन वारा आला. काही वेळानं पोर कुईकुई करू लागली, आणि जगात त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

पोर वाचली. पुढे दांडगट निघाली, माझ्यापेक्षा तिखट तोंडाची. भाऊ म्हणतो, यात चमत्कार कायचा, हवा वर चढते, पाणी खाली जातं. खरंच आहे त्याचं. मी वाद घालत नाही, फक्त संध्याकाळी दिवा लावते.

एक सांगायचं राहिलं. बैलांनी दम घेतला, बंडी बाजूला झाली, तेव्हा म्हातारा खिडकीशी वाकून म्हणाला होता, "माफ कर वं माय, माह्यानं तुह्या लेकराले उशीर झाला." मी उत्तर देणार तोच भाऊनं गाडी दामटली आणि म्हातारा धुक्यात मागे राहिला. तो कोण, कुठला, तेही विचारायचं राहून गेलं. त्याला द्यायचं उत्तर मी आता रोज मातामायला देते. म्हणते, माय, तुला वाटेल तिथं अडव.