लेकीचं जॅकेट मी चादरीसारखं निवडलं

मंडळी, कापड नुसतं हातात घेऊन मी त्याचं वजन सांगतो. हे कुणी शिकवलं नाही, भवानी पेठेत मागावर चादरी विणताना आपसूक कळत गेलं.

चादर जितकी जड तितकी ऊब जास्त, हा आमचा हिशेब. म्हणूनच लेक हिमालयात ट्रेकला निघाली, तेव्हा तिने आणलेलं पातळ फ्लीस जॅकेट मी बदलायला लावलं आणि दुप्पट जाड घेऊन दिलं.

आज दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, चढताना घामानं आतून चिंब झाले. थांबल्यावर तोच घाम गार पडला. अजून हुडहुडी जात नाही."

"मग काढून चालायचं की."

"काढलं की वारं झोंबतं. पातळ असतं तर घालूनच चालले असते."

चादर निजणाऱ्यासाठी असते, चालणाऱ्यासाठी नाही, एवढं मला सुचलं नाही. उद्या ती त्याच जॅकेटात आणखी वर जाणार आहे. कुणी डोंगर चढलेलं असेल तर सांगा, तिला आता काय सांगू?