पेडल नरम होतं की कडक

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. इतकी वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी त्या गाडीबद्दल बोलत सुटायचो. तिचा आवाज, तिचा गिअर, तिची तारांची चाकं. ऐकणारे इतके रंगायचे की अपघातापाशी आलो की "मग ब्रेक फेल झाला" एवढं म्हणून पुढं सरकता यायचं. त्या चार शब्दांनी एका चांगल्या मिस्त्रीचं नाव गेलं. ते चार शब्द खोटे होते. आता डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली आहे, पायांना नीट जाणवत नाही म्हणून. पायांना जाणवत होतं तेव्हा काय जाणवलं, ते लिहून ठेवतो.

यवतमाळात तेव्हा तशी गाडी एकच होती. जिनिंगच्या मालकांची, ज्यांना सगळं गाव शेठजी म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी ती देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. दोन माणसांची, बिनछपराची, विलायती स्पोर्ट्स कार. बोनेट लांबलचक, आणि दार इतकं खोल कापलेलं की कोपर बाहेर काढलं तर बोटं रस्त्याला टेकतील असं वाटायचं. शेठजींचा गुडघा गेला तशी ती शेडमध्ये कापसाच्या गाठींशेजारी उभी राहू लागली. उभी गाडी मरते, असं मिस्त्रीचं म्हणणं. म्हणून दर रविवारी तिला फिरवून आणायचं काम माझ्याकडं आलं. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो आणि गावात गाड्यांवर माझ्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढीच माझी लायकी.

मिस्त्रीचं गॅरेज दारव्हा रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये होतं. तो दिग्रसकडच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवणारे. तो स्वतः कधी बैलामागं चालला नव्हता, पण गाडीबद्दल बोलताना बैलच काढायचा. पहिल्या रविवारी मी ऐटीत जाऊन बसलो तर तो दार धरून उभा.

"मास्तर, जोडे काढा न पयले."

"काहून? देऊळ आहे का हे?"

"बुटातून गाडी आयकू येते का तुमाले? अनवाणी बसा. आन् खाली पाहा, पेडल पाहा."

मी पाहिलं. क्लच डावीकडं, तो जागेवर. पण ॲक्सिलरेटर मधे होता आणि ब्रेक उजव्या टोकाला. त्या जमान्यातल्या काही विलायती गाड्यांत तशी पद्धत होती. मी शिकलो होतो शेठजींच्या जीपवर. तिथं ब्रेक मधे.

"मधला पयवते, उजवा थांबवते," मिस्त्री म्हणाला. "बाकी सगया गाड्या इसरा. म्हना."

त्यानं मला ते पोरासारखं तीनदा म्हणायला लावलं. मग शेजारी बसला.

ती गाडी चालवणं म्हणजे काय, हे नुसत्या आकड्यांनी सांगता येत नाही. ताशी साठला गेली की वाटायचं आता उडणार. स्टीअरिंग दोन बोटं इकडं-तिकडं हललं तरी चाकं ढिम्म, आणि मग एकदम वळायची. रस्त्यावरचा खडा तळहाताला कळायचा. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, मधे इंजिनला थोडा श्वास द्यायचा, आणि वेळ चुकली की खालून दात खाल्ल्याचा आवाज. बरोबर जमला तर आवाजच नाही. दांडा आपोआप ओढला गेल्यासारखा आत जायचा, आणि मिस्त्री समोर पाहतच मान हलवायचा. ती मान हलावी म्हणून मी आठवडाभर रविवारची वाट पाहायचो.

"जोर नोका लावू," तो म्हणायचा. "बैलाले ओढून वळवते का कोनी? त्याले सांगा लागते."

ब्रेक लोखंडी रॉडचे होते. पाय ठेवला की रॉड ताणले जायचे आणि चारही चाकांचा कडकपणा तळपायाला वेगवेगळा जाणवायचा. डाव्या पुढच्या चाकाचा जरा उशिरा. हे मला अनवाणी बसल्यामुळंच कळलं. मी मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्यानं गाडी तिथंच थांबवायला लावली, खाली सरपटत गेला, एक नट पाव फेरा फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आता तुमचा पाय शिकला, मास्तर."

आयुष्यात मिळालेली ही एकच पदवी मला खरी वाटते.

दसऱ्याच्या दिवशी जिनिंगमध्ये सगळ्या वाहनांची पूजा व्हायची. मिस्त्रीचा एक नेम होता. ब्रेकला हात लावलेली गाडी तो आधी स्वतः चालवून पाहायचा, मगच मालकाच्या हाती द्यायचा. त्या सकाळी रॉड जोडून झाल्यावरही त्यानं चाकाखालचं लिंबू फोडून गाडी बाहेर काढली, गावाबाहेरच्या उतारावरून खाली नेली, वर आणली, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कडक आहे. जा बिनघोर."

शेठजी त्या दिवशी माझ्या शेजारी बसणार होते. फेटा, अत्तर, गाडीला झेंडूचे हार. फाटकाशी माझ्या वर्गातली पोरं उभी. मी नवे बूट घातले होते. पूजेसाठी काढले, आणि पूजा झाल्यावर पुन्हा घातले. मिस्त्रीनं पाहिलं. त्यानं माझ्या पायांकडं बोट केलं. मी हसून हात हलवला. एवढ्या लोकांत अनवाणी कसा बसू?

उतार लागला. कापसाचा हंगाम सुरू झाला होता, आणि खालच्या वळणावर एक भरलेली बंडी शेतातून रस्त्यावर चढत होती. बैलांनी मान वर केली. मी ब्रेक दाबला. म्हणजे मधलं पेडल दाबलं. जीपवर जिथं असतो तिथं. गाडीनं उडी घेतली. थांबत नाही म्हणून मी आणखी जोरानं दाबलं. शेवटी स्टीअरिंग फिरवलं, आणि बंडी वाचली, बैल वाचले, आम्ही नाल्यापलीकडच्या बाभळीवर.

हे सगळं किती वेळात झालं ते माहीत नाही. पण त्या बाभळीखाली, धूळ बसायच्या आधी, मला माझा पाय दिसला. तो अजून मधल्याच पेडलवर होता.

शेठजींचा खांदा मोडला होता. ते कण्हत म्हणाले, "मास्तर, क्या हुआ?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात बंडीवाला धावत आला आणि म्हणाला, "बिरेक फेल झाला असन, मालक! गाडी थांबूनच नाही राह्यली!"

मी मान हलवली. पहिलं खोटं मी बोललोही नाही, नुसती मान हलवली. पण शेठजींनी पुन्हा विचारलं तेव्हा मात्र शब्दांत सांगितलं.

मिस्त्रीला कुणी मारलं नाही, पोलिसात दिलं नाही. जिनिंगची वाहनं त्याच्याकडं जायची बंद झाली, एवढंच. मग इतरांची. चहाच्या टपरीवर त्याला ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणायचं, "इंजनाले दाखव त्याले, बिरेकले नोको, नाहीतर बाभूय पाहाशीन." आणि हसायचे. काही महिन्यांनी त्यानं स्वतःच ब्रेकची कामं घेणं सोडलं. दोनेक वर्षांत शेड उतरवून तांड्यावर गेला, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करू लागला.

त्यानं मला कधी दोष दिला नाही. उलट भेटला की जवळ यायचा. बसस्टँडवर, बाजारात, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत. विचारायचा एकच गोष्ट.

"मास्तर, आठवून सांगा न. पाय टाकला तवा पेडल कसं लागलं? नरम का कडक?"

त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. धडकेत पुढचे रॉड तुटले होते, त्यामुळं गाडी उघडूनही त्याला उत्तर मिळालं नव्हतं. उत्तर फक्त माझ्या तळपायात होतं. पेडल नरम गेलं असेल तर चूक रॉडची. कडक असूनही गाडी थांबली नसेल तर चूक चाकातल्या ड्रमची. तो डोक्यातल्या डोक्यात ते ब्रेक वर्षानुवर्षं खोलत होता.

मी म्हणायचो, "नरम."

"नरम," तो पुटपुटायचा. "मंग रॉडच."

गेल्या हिवाळ्यात माझा नागपूरचा भाचा नवी स्पोर्ट्स कार घेऊन आला. तीही दोघांची, बसकी, लाल. तेव्हा डॉक्टरांची बंदी यायची होती. "मामाजी, बसा," म्हणाला आणि किल्ली दिली. किल्ली कसली, खिशात ठेवायचा खडा. बटण दाबलं तर गाडी गुरगुरली. तो म्हणाला, यातला काही आवाज स्पीकरमधून येतो, ऐकायला बरा वाटावा म्हणून. मला गंमत वाटली. जुन्या गाडीचा आवाज कमी करायला मिस्त्री रबराचे तुकडे शोधत फिरायचा.

नव्या चौपदरी रस्त्यावर मी तिला घेतली. पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. भाचा हसला, "मामाजी, गालिचा खराब नाही होत, घाला." गाडी विचाराआधी वळत होती. गिअर स्टीअरिंगमागच्या पट्टीवर बोट टेकलं की पडत होते, एकही चुकत नव्हता, त्यामुळं बरोबर पडल्याचा आनंदही होत नव्हता. शंभरच्या पुढं गेलो तरी ओट्यावर बसल्यासारखं. मग मी वेग अगदी उतरवला, तसा भाचा म्हणाला,

"मामाजी, इतक्याच जोरात चालवायची होती तर मोपेड आणली असती न मी."

मी ब्रेक दाबला. भक्कम, एकसारखा कडक. चाकं वेगवेगळी कळतात का म्हणून मी तीनदा दाबून पाहिला. नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "हा कडकपणा ब्रेकचा नाहीच. पायाला बरं वाटावं म्हणून यंत्र तयार करतं. ब्रेक तिकडं वेगळा लागतो."

मग त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक हिरवी, एक लाल. कुठल्या क्षणी कुठलं पेडल किती दाबलं, सगळं त्यात. "हे पाहा, इथं तुम्ही ब्रेक मारला, उगाच. ही गाडी काही लपवू देत नाही."

मी त्या रेघांकडं बराच वेळ पाहत राहिलो. मग म्हणालो, "दिग्रसकडं चल. एका माणसाला भेटायचंय."

मिस्त्री अंगणात बाजेवर बसला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं. आवाजावरून ओळखलं मला. गाडी पाहायला अर्धा तांडा गोळा झाला. सुनेनं हाताला धरून त्याला गाडीत बसवलं तेव्हा त्यानं आधी पायतण काढलं, मग उजव्या पायानं चाचपलं.

"मधला कोनता हो?"

"मधला ब्रेक आहे," मी म्हणालो. "आता सगळीकडं तसंच असते."

भाच्यानं गाडी चालू केली. मिस्त्रीनं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मान तिरकी केली.

"हे पेडल दुसऱ्याचंच सांगते," तो म्हणाला. "याले चाकाचं मालूमच नाही."

भाचा चाट पडला. मी नाही.

नंतर आम्ही दोघंच बाजेवर बसलो. मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्यानंच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, मले सापडलं."

"काय?"

"त्या रोजची चूक. सकायी घाई होती, पूजेची वेळ झालती. रॉडची पिन टाकली मी, पन तिची शेपटी वाकवली नसन. वरून आनली तवा कडक होती, मंग तुमच्या हाती निसटली. तुमी नरमच म्हनत होते न? बरोबर बसते सगयं." त्याचा चेहरा खरोखर सैल झाला होता. "लय वर्षं लागले. माह्याच हातानं झालं, मास्तर. शेठजीचा खांदा गेला, तुमीबी मेले असते. मले माफी करा."

सून चहा घेऊन आली. तिनं कप माझ्या हातात दिला. भाचा विचारत होता, "मामाजी, निघायचं का, अंधार पडते." मी चहा प्यायलो. मिस्त्री माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं."

मी त्याला माफ केलं. मी.

उन्हाळ्यात तो गेल्याचा निरोप आला. तांड्यावर गेलो, त्याच्या लेकाजवळ बसलो, तिथंही खरं सांगायला जमलं नाही. म्हणून इथं लिहितो, जे त्या बाजेवर, चहा यायच्या आधी म्हणायचं होतं:

मिस्त्री, तू पिन वाकवली होतीस. तुझं पेडल नरम नव्हतं आणि कडकही नव्हतं. मी त्याला पाय लावलाच नाही. माझ्या पायात बूट होते. मला माफ कर.