पुलियापलीकडचं पाणी

लखनौला असताना एकदा मी शेजारच्या गावाशी भांडायला गेले होते... आज हसाल, पण तेव्हा माझं डोकं भलतंच तापलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यांची बँकेची नोकरी, लखनौला बदली झाली आणि शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत आम्हाला घर मिळालं. वसाहतीमागे नाल्यावर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, तिच्यापलीकडे गाव. गावकऱ्यांनी पुलियाशी माती टाकून आमचा नाला बुजवला आणि घाण पाणी थेट माझ्या स्वयंपाकघरात!

शहराच्या ऑफिसातले इंजिनीयर म्हणाले, "पुलिया तक हमारा, आगे ग्रामसभा का." बरं बाबा... पदर खोचून मीच निघाले गावात.

प्रधान म्हणजे तिथले सरपंच. त्यांच्या घरी ओट्यावर बसलेल्या मिशीवाल्या गृहस्थांना मी चांगलं दहा मिनिटं फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रधान तो ये हैं," आणि गहू पाखडणाऱ्या बायकोकडे बोट दाखवलं. अशी फजिती!

त्या रामदुलारीजी. त्यांनी खाट झटकून मला बसवलं, हातावर गूळ ठेवला. तिकडे पाहुण्याला गुळाबरोबर पाणी देतातच, भांडायला आलेल्यालाही. मी वाट बघत होते... पाणी आलंच नाही.

"पानी नहीं दूँगी, बहनजी. हैंडपंप में आप ही का नाला उतर रहा है. पोती पंद्रह दिन से पीलिया में पड़ी है."

पीलिया म्हणजे कावीळ, आणि तीही त्यांच्या नातीला... पुलियापुढे आमचा नाला उघड्यावरच सोडलेला होता. आमची घाण त्या लेकराच्या पोटात, आणि तावातावाने भांडतेय कोण, तर मी!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याच इंजिनीयरसाहेबांसमोर. एकाच अर्जावर वसाहतीच्या सह्या आणि प्रधानांचा शिक्का. आता हद्द कुणाला सांगणार? पाइप शहराने दिले, मोठ्या नाल्यापर्यंत खोदायला जमीन गावाने दिली. तोवर आमच्या वसाहतीत येणारा पाण्याचा टँकर आधी गावात जायचा. वसाहतीत काहींनी कुरकुर केली, त्यांना मी गप्प केलं. ते मला छान जमतं!

काही आठवड्यांनी ती पोर अंगणात लंगडी घालताना दिसली... मला भर रस्त्यात रडू फुटलं.

पुढे बदल्या होत गेल्या. प्रत्येक नव्या घरात मी आधी विचारते, मोरीचं पाणी पुढे जातं कुठे? घरमालकांना वाटतं, बाई जरा विचित्रच आहे. वाटू दे. रामदुलारीजी भेटेपर्यंत हे मी एकदाही विचारलं नव्हतं, त्याची लाज मला आजही वाटते.